साळबाचा दुसरा भाग

पोस्टर आधी सविताला दिसलं. शालिमारच्या वळणावर बस थबकली आणि समोरच्या भिंतीवर काटे ताठ करून, डोळ्यांना गॉगल लावून, साळिंदर उभं. शेजारी पहिल्या सिनेमातली तीच मान उंच काढलेली बदक, आणि दोघांच्या मधे कपाळाला हात लावलेला तोच गोरा माणूस. माणूस खरा, जनावरं चितारलेली. सविताने पटकन लेकीचं डोकं कुशीत ओढलं.

"डोळे मीट गं, धूळ येतेय."

पण सायली सात वर्षांची झाली होती. आईने डोळे मीट म्हटलं म्हणजे काहीतरी बघण्यासारखं आहे, एवढं तिला कळत होतं. तिने आईच्या पदराची कड बोटभर बाजूला केली आणि बघून घेतलं.

"आई," ती कुशीतूनच म्हणाली, "साळबा आला."

बस सातपूरकडे निघाली. उतरण्याच्या जरा आधी सायलीने स्वतःशीच हिशेब जुळवल्यासारखं म्हटलं, "म्हणजे आता बाबा पण येतील."

साळबा म्हणजे हेच साळिंदर, आणि त्याचं हे नाव ठेवलं होतं सायलीच्या बाबाने, बारकूने. सिनेमातल्या लोकांना ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्या साहेबाने पास दिले म्हणून बारकू बायको-लेकीला घेऊन थिएटरात गेला. पडदा उजळला, आणि सगळं इंग्रजी. माणसं इंग्रजी, बदक इंग्रजी. बारकूचं शिक्षण आश्रमशाळेत सातवीपर्यंत, सविताचं दहावीपर्यंत, आणि सायली तेव्हा अंगणवाडीत. पोरीने बाबाची बाही ओढली. "बाबा, काय म्हणतंय ते?"

आणि बारकू सांगू लागला.

"म्हनतंय, आवं, ह्यो कसला गाव? चूल नाय, धूर नाय, मंग ह्याच्या भाकऱ्या फुगत्यात कशा? आसं हाय बगा."

नाक चिमटीत धरून, घोगरा आवाज काढून, आणि प्रत्येक बोलण्याच्या शेवटाला 'आसं हाय बगा'. पडद्यावरचं साळिंदर गोऱ्या माणसाच्या न्हाणीघरात साबण खात होतं, आणि बारकूच्या तोंडून ते पेठच्या बाजारातल्या गुळाची आठवण काढत होतं. बदक त्याच्या आईसारखी, भागीबाईसारखी, वसावसा बोलत होती. पुढे बसलेली कॉलेजची पोरं हसली की बारकूला कळायचं, इथे काहीतरी विनोद झाला. मग तो घाईघाईने हसण्याजोगं काहीतरी शोधून काढायचा. त्यामुळे सगळं थिएटर हसून गप्प झालं की मागच्या रांगेत बापलेक हसायचे. सविताला लाज वाटायची. पण तीही हसायची, तोंडाला पदर लावून, सगळ्यांत उशिरा.

शेवटी साळिंदर पेटी घेऊन रस्त्याने चालू लागलं. बहुतेक दुसरा भाग काढायचा म्हणून त्यांनी तसं ठेवलं असेल. सायली रडकुंडीला आली.

"कुठं चाललाय साळबा?"

"आपल्या गावाला," बारकू म्हणाला. "बोहाडा बघाया. दुसऱ्या भागात येनार हाय तो. मीच जानार त्याला आनाया, यष्टी स्टँडावर."

पेठच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत बारकूचं गाव. चैत्रात तिथे बोहाडा असतो. मुखवटे बांधून देवांची, राक्षसांची, जनावरांची सोंगं संबळावर नाचतात. वाघाचं सोंग बारकूच्या घराकडे, आजोबांपासून. कामाला नाशकात आला तरी त्या दिवसांत बारकू रजा टाकून जायचाच. त्याच्या घरात एक रीत होती. मुखवटा तोंडावर आहे तोवर त्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. तो वाघ असतो. नाचून आला, सोंग उतरलं, की मग आई ओवाळते आणि नाव घेते, आणि तो पुन्हा आपला माणूस होतो. मुखवट्याआडून बोलायचंही नसतं. सविता चेष्टेने म्हणायची, तिथे गप्प राहावं लागतं म्हणून इथे आमचं डोकं खाता.

त्या चैत्रात सायलीला कांजिण्या आल्या, म्हणून बारकू एकटाच निघाला. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने. जीप सावळघाटात कठड्यावरून खाली गेली. बारकूला तिकडूनच गावाला नेलं. सविताला निरोप आला तेव्हा तिने पोरीला शेजारच्या वत्सलाबाईंकडे ठेवलं आणि ती गेली. परत आली ती भागीबाईला घेऊन. दारात पाऊल टाकते तर अंगभर खपल्या घेतलेली पोर समोर उभी.

"बाबा कुठायत?"

सविताचं तोंड उघडलंच नाही. पुढे झाली ती भागीबाई. बारकू हा म्हातारीचा एकुलता एक. तिने नातीला मांडीवर घेतलं, खपल्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुज्या बाबाचं सोंग नाय उतरलं आजून. उतरलं का यील."

"मग आता साळबाला घेऊनच येतील," पोरीने स्वतःच पुढचं जोडून टाकलं.

तेव्हापासून त्या घरात कुणी बारकूचं नाव घेतलं नाही. गल्लीतली पोरं सायलीला सांगायची, तुझे पप्पा वारले. सायली ऐकून घ्यायची आणि शांतपणे म्हणायची, "तुम्हाला सोंगाचं माहीत नाही." आईचं कपाळ का मोकळं, गळ्यात काळे मणी का नाहीत, हे तिने कधी विचारलं नाही. लेकरं कुठे बोट ठेवत नाहीत ते बघावं. तिथेच दुखत असतं.

सविता आता गंगापूर रोडवरच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. वत्सलाबाईंनीच तिला तिथे लावलं होतं. पोस्टर दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी तव्यावर पोळी करपली तरी सविताचं लक्ष नव्हतं.

"अगं ए, पोरांना कोळसा खायला घालतेस का?" वत्सलाबाईंनी पोळी उचलून बाजूला टाकली. "काय झालंय?"

सविताने सांगितलं. वत्सलाबाई कणकेचे गोळे करत ऐकत राहिल्या.

"सांगून टाक की एकदा. किती दिवस पोरीला टांगून ठेवणार?"

"तोंडच उघडत नाही हो. एकदा तर समोर बसवली, म्हटलं, सायली, ऐक. ती म्हणाली, सांग. आणि मी विचारलं, दूध पितेस का."

"मग दुसऱ्याच्या तोंडाने सांग. माझ्या नको हां, मी आधीच सांगते. मला नाही जमायचं."

सविताचं लाटणं थांबलं. दुसऱ्याच्या तोंडाने. साळबाच्या!

सिनेमा इंग्रजी असणार. पोस्टरवरची अक्षरं तर इंग्रजीच होती. खालच्या कोपऱ्यावर थिएटरवाल्याने खेळांच्या वेळांची पट्टी चिकटवली होती, तिच्याखाली काय दडलंय हे बघायला बसमधून कुणाला सुचतं? इंग्रजी म्हणजे मोकळं रान. बारकूने त्या रानात जे पेरलं ते पोरीत उगवलं होतं. आता तिथेच आपणही पेरायचं. साळबा गावाला जाऊन आलेला असेल. तोच सांगेल. पोर साळबाचं ऐकेल, रडेल, पण ऐकेल. आणि आपला हात तिच्या पाठीवर असेल.

मग सविता तयारीला लागली. पोळ्या लाटता लाटता नाक चिमटीत धरून पुटपुटायची. "सायले, म्या जाऊन आलो तुज्या गावाला. तुजा बाबा भेटला. त्याचं सोंग आता उतरायचं नाय. वाघ झाला तो कायमचा. त्यानं सांगितलंय, पोरीला म्हनाव, वाट नको बगू. आईला संबाळ. आसं हाय बगा."

"बाई बाई," वत्सलाबाई म्हणाल्या, "हिच्या अंगात आलंय की काय! नाकाला पीठ लागलंय बघ, विदूषकासारखं."

सविता हसली. किती दिवसांनी हसत होती. आवाज हुबेहूब जमत नव्हता; बारकूचा घोगरेपणा गळ्याच्या तळातून यायचा, तिचा नाकातच अडायचा. पण 'आसं हाय बगा' म्हटलं की क्षणभर मेसच्या धुरात बारकू उभा राहायचा. खरं सांगायचं तर तिला ते आवडू लागलं होतं. नवऱ्याचा आवाज आपल्या तोंडातून काढायचा, आणि त्या आवाजाने त्याच्याच मरणाची खबर द्यायची. असला विचार मनात आला की ती पोळी जोरात थापटायची.

रविवारी निघताना सायलीने निळा स्वेटर घातला. बाबाने दिवाळीत घेतलेला. आता मनगटं उघडी पडायची. भागीबाई उंबऱ्यात बसली होती. तिला बसचं मळमळायचं, म्हणून ती येणार नव्हती.

"मला येऊन सांग गं सगळं," ती नातीला म्हणाली. "साळबा काय म्हनला, कुटं कुटं ग्येला. तुज्या बाबावानी सांग."

तिकीट खिडकीशी सविताने तोंड उघडायच्या आत सायली म्हणाली, "तीन."

"दोनच ना गं?" खिडकीतला माणूस वाकून बघत म्हणाला. "तिसरं कोण?"

"बाबा येणारेत. उशीर होईल त्यांना. यष्टीने येतायत ना."

सविताने मान डोलावली. तीन तिकिटं घेतली. आज एवढं होऊन जाऊ दे, तिने मनाशी म्हटलं. बाहेर येताना आपण दोघीच असू, आणि पोरीला ते ठाऊक असेल.

आत गेल्यावर सायलीने स्वेटर काढला आणि मधल्या खुर्चीवर नीट पसरून ठेवला, बाह्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर टाकून. एक काका विचारायला आले, ही रिकामी आहे का. "नाही," ती म्हणाली, "माणूस येतंय."

सविताने घसा साफ केला. पदराआड नाकाला चिमटी लावून पाहिली. जणू पडद्यावर तिलाच जायचं होतं.

दिवे गेले. पडदा उजळला. गोऱ्या माणसाचं तेच घर, तेच न्हाणीघर. दार धाडकन उघडलं. पेटी घेऊन साळिंदर आत आलं, गॉगल कपाळावर सरकवला, आणि म्हणालं,

"क्यों बे, पहचाना नहीं? कांटेलाल वापस आ गया!"

सगळं थिएटर हसलं.

आणि सायली हसली. सगळ्यांबरोबर, त्याच क्षणी.

सविताला आधी समजेचना. मग कळलं. हिंदी. सगळंच हिंदी. गोरा माणूस हिंदीत ओरडत होता, बदक हिंदीत रुसत होती. टीव्हीवरच्या कार्टूनमुळे सायलीला हिंदी आईपेक्षा चांगलं यायचं. रान मोकळं नव्हतं. तिथे कुणीतरी आधीच पीक घेतलं होतं, आणि चहूकडे कुंपण.

तरीही ती वाकली. रिकाम्या खुर्चीवरून, स्वेटरच्या वरून, लेकीच्या कानाशी. "साळबा म्हनतोय, म्या जाऊन आलो तुज्या..."

"आई, तो असं नाही म्हणाला."

"अगं, ते... म्हनतोय, तुज्या बाबाला..."

"तो म्हणाला, फ्रिजमधला केक कुणी खाल्ला." सायलीची नजर पडद्यावरून हलली नाही. "गप गं आई. मला ऐकू येत नाही."

"ओ ताई," मागून आवाज आला, "घरी जाऊन बोला की."

सविता मागे टेकली. तिची चिमटी अजून नाकाशीच होती. ती तिने हळूच खाली घेतली.

पडद्यावर धुमाकूळ चालला होता. कांटेलाल विमानात बसला, विमानातून पडला, लग्नाच्या मांडवात शिरला. नवरीच्या झग्याच्या घेरात लपला. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. सायली हसत होती, मग कमी हसू लागली, मग नुसती बघू लागली. सविता पडदा सोडून तिच्याकडे बघत होती. पोरीच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा, जायचा. ती गाव शोधत होती. डोंगर दिसला की पुढे सरकायची. तो बर्फाचा निघायचा. बस दिसली की मान उंच व्हायची. ती पिवळी, परदेशातली.

मध्यंतरात दिवे लागले. समोसेवाला रांगेतून फिरू लागला. सायलीने समोसा नको म्हटलं.

"आई, पहिल्या वेळी पण तो कांटेलालच होता?"

"तेव्हा इंग्रजी होता गं."

"बाबांना इंग्रजी येत होतं?"

हीच ती वेळ होती. सविताला ते कळत होतं. इतके दिवस ज्या दारावर ती डोकं आपटत होती ते पोरीने स्वतःच किलकिलं केलं होतं. नुसतं ढकलायचं. तिने तोंड उघडलं.

"नव्हतं," ती म्हणाली.

"मग कुठून सांगत होते?"

"मनातून."

सायलीने मान हलवली. पुढचा प्रश्न येईल म्हणून सविता खुर्चीची कड धरून बसली. साळबा येणार होता तेही मनातून? सोंग उतरायचं राहिलंय तेही? विचार गं बाई, विचार. तू विचारलंस तर मी सांगेन, आई शप्पथ सांगेन.

पोरीने विचारलं नाही. ती मधल्या खुर्चीवरच्या स्वेटरकडे बघत राहिली. घंटा झाली. दिवे मंद होऊ लागले तेव्हा तिने बाह्या एकेक करून उचलल्या, स्वेटर डोक्यातून घातला, खाली ओढला.

"थंडी वाजते," ती म्हणाली.

मघाचे काका पुन्हा आले. "आता बसू का?"

"बसा," सायली म्हणाली.

काका बसले. आई आणि लेक यांच्या मधे एक परका माणूस, गुडघ्यावर पॉपकॉर्नची पिशवी घेऊन, उरलेला सिनेमाभर खदखदा हसत राहिला. सविताला त्याच्या पलीकडची पोर दिसत नव्हती. फक्त निळी बाही आणि उघडं मनगट.

परतीच्या बसमध्ये सायली खिडकीशी बसली. शालिमारचं पोस्टर आलं. तिने नुसतं पाहिलं, भिंतीवरची दुसरी जाहिरात बघावी तसं. सविताने तिचा हात हातात घेतला. हात तिने दिला, पण तो नुसता तिथे होता.

घरी भागीबाई अजून उंबऱ्यातच होती. नात दिसताच सरसावून बसली. "आली का माजी बाय! सांग सांग. काय म्हनला साळबा? बाबावानी बोलून दाखीव."

"मला नाही येत तसं," सायली म्हणाली.

"आगं, परवापरवाकडं तर बोलायचीस!"

मोरीत पाय धुणाऱ्या सविताला वाटलं, आपण दाखवावं बोलून. निदान म्हातारीसाठी. तिने तोंडातल्या तोंडात आवाज आणायचा प्रयत्न केला. आला तो पडद्यावरचा. 'क्यों बे, पहचाना नहीं?' तिने तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा प्रयत्न केला. तो घोगरेपणा, गळ्याच्या तळातला. काल मेसमध्ये होता. सकाळी निघताना होता. तिने कान टवकारून आत ऐकलं, विहिरीत वाकून ऐकावं तसं. तोच हिंदी आवाज घुमून वर आला.

बाहेर भागीबाईने जरा थांबून, जपून विचारलं, "मंग? आला का साळबा आपल्या गावाला?"

सविता मोरीच्या दाराशी ओल्या पायांनी उभी राहिली. सायलीने आजीकडे पाहिलं. तिचा सुरकुतला चेहरा, मोतीबिंदू पडलेला डोळा, दारातून रस्त्याकडे लागलेला. खूप वेळ पाहिलं. मग आईकडे पाहिलं, ओझरतं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मोठ्या माणसाने मोठ्या माणसाकडे बघावं तशी ती नजर होती, घरातली एखादी गोष्ट दोघांनी मिळून झाकायची असते तेव्हाची.

"आला ना," सायली म्हणाली. "यष्टीने आला."

"आन तुजा बाबा? घ्याया ग्येला व्हता का स्टँडावर?"

"गेले होते."

"दिसला तुला?"

"दिसले ना आजी. पण मुखवटा होता. सोंग उतरलं नाही अजून." ती आजीजवळ खाली बसली आणि तिच्या गुडघ्यावरून हात फिरवू लागली, कधीकाळी खपल्यांवरून कुणीतरी फिरवला होता तसा. "उतरलं की येतील."

भागीबाईने डोळे मिटले. तिला सगळं कळलं की काहीच नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून सांगणं कठीण होतं.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "बरं झालं आला त्यो."

सविता तिथेच उभी होती. मरण सांगायचं राहिलं होतं ते आता कुणाला सांगणार? पोरीला कळलं होतं. म्हातारीला तर पहिल्यापासूनच ठाऊक होतं. आणि तरी या घरात ते म्हणणारं तोंड आता एकही उरलं नव्हतं. दोघी एकमेकींना सांभाळत बसल्या होत्या, आणि त्यांच्यामधे जाऊन बसायला सविताला जागा सापडत नव्हती.

"आई," सायलीने हाक मारली, "भात लाव ना. आजीला भूक लागली असेल."

सविता आत गेली. तिने तांदूळ घेतले, धुतले, चुलीवर ठेवले. झाकण ठेवताना तिच्या लक्षात आलं, भात चौघांचा घातला होता; रोजच्यासारखा. तिने दोन मुठी काढून घेतल्या, हातात धरल्या. ओले तांदूळ बोटांना चिकटले. मग पुन्हा पातेल्यात टाकले.